वैनींचा रिपोर्ट आणि गाळलेल्या जागा

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या वैनी एक जाड लिफाफा घेऊन घरी आल्या. त्यांच्या भावाच्या मुलीला लहानपणापासून फिट येतात. डॉक्टरांनी जनुकांची तपासणी करायला सांगितलं होतं आणि रिपोर्ट आला होता, अकरा पानांचा. वैनींनी एका ओळीवर बोट ठेवलं. "सर, सगळं वाचलं बघा भावानं, पण हितं 'अनसर्टन' म्हणून लिवलंय. म्हणजे काय ओ? रोग हाय की न्हाई?"

मी हायस्कूलवर विज्ञान शिकवतो, त्यामुळे गल्लीतले सगळे रिपोर्ट आधी माझ्याकडे येतात. त्या ओळीचा अर्थ असा होता: मुलीच्या एका जनुकात एक अक्षर बदललेलं सापडलं आहे, पण त्या बदलानं काही बिघडतं की नाही हे आज कुणालाच ठामपणे सांगता येत नाही. त्याच पानावर खाली एक आकडाही होता, संगणकाच्या मॉडेलनं वर्तवलेला अंदाज. वैनींना त्या आकड्याचा अर्थ हवा होता. तो नीट सांगायचा तर हे मॉडेल काय करतं हे सांगावं लागतं, आणि त्यासाठी मला माझं कन्नड आठवतं.

आमचं शिक्षण इथं कर्नाटकच्या सीमाभागात, पण मराठी माध्यमात झालं. शाळेत कन्नड विषय पुढे आला, पण त्याच्या कितीतरी आधी, बस स्टँडवर उभं राहून उभं राहून, बसवरचे बोर्ड डोळ्यांत बसले होते. कुणी शिकवलं नव्हतं. एवढंच लक्षात आलं होतं की खानापूर, विजापूर, कोल्हापूर या तिन्ही बोर्डांच्या शेवटी तीच दोन अक्षरं असतात. मग एखादा बोर्ड चिखलानं माखलेला असला आणि शेवटच्या दोनांतलं पहिलंच अक्षर दिसत असलं, तरी पुढचं कुठलं असणार ते सांगता यायचं. हळूहळू एक वेगळीच गोष्ट जमायला लागली. दुकानावरच्या पाटीत पेंटरनं अक्षर चुकवलं असेल तर ते खटकायचं. शब्दाचा अर्थ ठाऊक नसायचा, पण "हे असं नसतं" एवढं कळायचं. अर्थ कळायच्या आधी चूक कळायला लागली होती.

जीवशास्त्रातली ही मोठी मॉडेल्स नेमकं हेच करतात.

आपलं शरीर चालवतात ती प्रथिनं, म्हणजे प्रोटीन. ती कशी बनवायची याची कृती जनुकांत लिहिलेली असते, म्हणून जनुकातलं अक्षर बदललं की प्रथिनही बदलू शकतं. प्रत्येक प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. मणी वीस प्रकारचे, माळेची लांबी काही डझनांपासून काही हजारांपर्यंत. वीस अक्षरांची वर्णमाला आणि त्यात लिहिलेली वाक्यं, असं समजलं तरी चालेल. आता या वाक्यांतली काही अक्षरं झाकायची आणि मॉडेलला विचारायचं, इथं काय होतं? परीक्षेत आपण "गाळलेल्या जागा भरा" सोडवतो तसंच. २०२२ मध्ये मेटा कंपनीच्या संशोधकांनी आणलेल्या ईएसएम-२ या मॉडेलला कोट्यवधी प्रथिनांची वाक्यं दिली आणि प्रत्येक वाक्यातली सुमारे १५ टक्के अक्षरं झाकून हाच एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला. उत्तर चुकलं की आतले आकडे किंचित हलवायचे, पुन्हा विचारायचं. असे हलवता येणारे आकडे त्यातल्या सर्वांत मोठ्या आवृत्तीत १५०० कोटी आहेत. हे प्रथिन कशासाठी, कुठल्या प्राण्याचं, कुठल्या रोगाशी संबंधित, यातलं काहीही सांगितलेलं नाही. नुसती अक्षरं.

नुसत्या अक्षरांतून शहाणपण कुठून येतं, ही शंका माझ्या वर्गातली मुलंही घेतात. तेव्हा मी त्यांना भुईमुगाचं किंवा सोयाबीनचं रोप उपटून आणायला सांगतो. मुळांवर गाठी असतात. चांगली वाढलेली गाठ नखानं फोडली की आत गुलाबी-लालसर रंग दिसतो. तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातल्या प्रथिनाचा आहे. वनस्पतीत हिमोग्लोबिनचा भाऊबंद सापडतो म्हटल्यावर मुलं पुन्हा पुन्हा गाठी फोडून बघतात, आणि मलाही दर वर्षी तेवढंच नवल वाटतं.

माणसाच्या हिमोग्लोबिनमधली बीटा नावाची माळ १४६ मण्यांची आहे. तिच्या ९२व्या जागेवर हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल बसतं. ते लोहाला धरून ठेवतं, आणि लोह प्राणवायूला. माणूस, म्हैस, मासा, सोयाबीनची गाठ, या सगळ्यांच्या या जातीच्या प्रथिनांत त्या जागी हिस्टिडिनच असतं. बाकीची पुष्कळ अक्षरं बदललेली, पण हे टिकलेलं. कारण साधं आहे. कोट्यवधी वर्षांत ज्यांच्यात हे अक्षर चुकलं, त्यांचं प्रथिन कामाचं राहिलं नाही आणि त्यांची वंशवेल पुढे गेली नाही. म्हणजे आज आपल्याला जी वाक्यं वाचायला मिळतात ती चाळणीतून आलेली आहेत. चुकीचं शुद्धलेखन निसर्गानं आधीच खोडलेलं आहे. गाळलेली जागा भरताना मॉडेलला ९२व्या जागेवर "हिस्टिडिनच" असं छातीठोक सांगता येतं, आणि जिथं निसर्गानं मोकळीक दिली आहे तिथं "या पाचांपैकी कुठलंही चालेल" असं. लोह म्हणजे काय हे त्याला माहीत नाही, पण लोहाची जागा मात्र त्यानं ओळखलेली असते.

याहून सूक्ष्म गोष्टही ते शिकतं. माळ सरळ राहत नाही, घडी पडून तिचा एक आकार होतो. घडीत माळेतला विसावा मणी आणि नव्वदावा मणी एकमेकांना खेटून बसू शकतात. मग एक बदलला तर दुसऱ्यालाही बदलावं लागतं. सुताराला दार बदलायचं झालं तर चौकटही तासावी लागते, तसं. हजारो प्राण्यांची वाक्यं शेजारी शेजारी ठेवली की अशा जोड्या दिसतात: हा हलला की तोही हलतो. मॉडेल रिकामी जागा भरताना दूरच्या अक्षरांकडेही बघतं. २०१७ मध्ये भाषांतरासाठी बसवलेली 'ट्रान्सफॉर्मर' नावाची पद्धत त्यासाठी वापरतात. (गावातल्या विजेच्या टीसीशी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरशी, तिचा संबंध नाही, नुसतं नाव तेच.) जोड्या कळल्या की कुठला मणी कुणाला खेटतो ते कळतं, आणि ते कळलं की आकाराचा अंदाज येतो. नुसत्या गाळलेल्या जागांपासून निघून आपण थेट आकारापर्यंत येतो, ही मला या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

आकाराचं नाव निघालं की प्रथिनांचे आकार ओळखणारं अल्फाफोल्ड हे मॉडेल आठवतं. ते या मॉडेल्सचं चुलत भावंड. त्याला प्रयोगशाळांत वर्षानुवर्षं मेहनतीनं मोजलेले आकार उत्तरं म्हणून दाखवले होते, म्हणजे त्याचं शिक्षण उत्तरपत्रिका समोर ठेवून झालं. २०२० च्या अखेरीस एका जागतिक स्पर्धेत त्यानं बाजी मारली, २०२२ मध्ये २० कोटींहून जास्त प्रथिनांचे अंदाजे आकार सर्वांना मोफत खुले झाले, आणि २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल अर्धं अल्फाफोल्डच्या डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना, अर्धं नवी प्रथिनं रचणाऱ्या डेव्हिड बेकर यांना मिळालं.

आता "आधीच शिकवून ठेवलेलं" म्हणजे 'प्रीट्रेन्ड' या शब्दाचा फायदा सांगतो. बसचे बोर्ड वाचून ज्याचं कन्नड आधीच घोटलं गेलं आहे, त्याला पुढे जमिनीचा उतारा वाचायला किती दिवस लागतात? आठ-पंधरा दिवस. खाते, सर्व्हे नंबर, पिकाचं कलम, एवढे नवे शब्द शिकले की झालं. पण ज्याला अक्षरओळखच नाही त्याला पहिल्यापासून सगळं करावं लागतं. संशोधनातही तेच घडतं. एखाद्या प्रयोगशाळेकडे फार तर दोनशे प्रथिनांची मोजमापं असतात. दोनशे उदाहरणांवर मोठं मॉडेल शून्यापासून शिकत नाही. पण ईएसएमसारखं आधी शिकलेलं मॉडेल घेतलं तर ते प्रत्येक प्रथिनाला आकड्यांची एक लांब यादी देतं. ही यादी म्हणजे त्या प्रथिनाचा पत्ता. आठवडी बाजारात कसं, मिरचीवाले एकीकडे, भांडीवाले दुसरीकडे, पालेभाजीवाल्या बायका तिसरीकडे बसलेल्या असतात. कुणी फलक लावलेला नसतो, पण नव्या माणसालाही कळतं की कुठं काय मिळेल. आकड्यांच्या या बाजारात सारखं काम करणारी प्रथिनं शेजारी शेजारी येऊन बसतात. मग दोनशे मोजमापांतून एवढंच शिकायचं राहतं की या बाजाराच्या कुठल्या कोपऱ्यात आपल्याला हवा तो माल आहे.

वैनींच्या आकड्याकडे येतो. बदललेल्या अक्षराची जागा झाकायची आणि मॉडेलला विचारायचं: इथं मूळ अक्षर असण्याची शक्यता किती आणि मुलीच्या रिपोर्टात आलेलं अक्षर असण्याची किती? मूळ अक्षर फारच जास्त शक्य आणि नवं जवळजवळ अशक्य निघालं, तर पाटीवरचं अक्षर खटकलं तसं समजायचं. दोन्ही सारखीच शक्य असतील तर बदल बहुधा निरुपद्रवी.

एक अक्षर किती उलथापालथ करू शकतं हे सिकल सेल या रक्ताच्या आजारात दिसतं. बीटा माळेची सुरुवात अशी: व्हॅलिन, हिस्टिडिन, ल्युसिन, थ्रिओनिन, प्रोलिन, ग्लुटामिक आम्ल. सहाव्या जागचं हे ग्लुटामिक आम्ल पाण्यात रमणारं आहे. जनुकं ज्यात लिहिलेली असतात त्या डीएनएतल्या 'जीएजी' या तीन अक्षरांचं 'जीटीजी' झालं की तिथं व्हॅलिन येतं, ते तेलकट स्वभावाचं. मग प्राणवायू सोडलेले हिमोग्लोबिनचे कण एकमेकांना चिकटून दोरे बनतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. माणसाच्या डीएनएच्या ३०० कोटी अक्षरांच्या ग्रंथात एक अक्षर.

माणसाच्या प्रथिनांत असे एकेका मण्याचे बदल शक्य आहेत सुमारे ७ कोटी १० लाख. २०२३ मध्ये अल्फामिसेन्स या मॉडेलनं त्या सगळ्यांची वर्गवारी मांडली: ५७ टक्के बहुधा निरुपद्रवी, ३२ टक्के बहुधा घातक, उरलेल्या ११ टक्क्यांबद्दल त्यालाही सांगता आलं नाही. प्रयोगशाळेत किंवा रुग्णांत तपासून माणसांनी ठरवलेले बदल या ७ कोटींच्या मानानं मूठभर आहेत. म्हणून तर रिपोर्टात 'अनसर्टन' इतक्या वेळा येतं.

मी वैनींना तेव्हा एक गोष्ट दोनदा सांगितली. तो आकडा निकाल नाही. जनुकीय बदलाला 'घातक' ते 'निरुपद्रवी' अशा पाच पायऱ्यांवर कुठं ठेवायचं याचे २०१५ मध्ये ठरलेले नियम आहेत. त्यांत संगणकाचा अंदाज हा पुराव्यांतला एक पुरावा धरला आहे, आणि केवळ त्याच्या जोरावर कुठलाही बदल घातक ठरवता येत नाही. घरात आणखी कुणाला आजार आहे का, हाच बदल इतर रुग्णांत दिसला का, निरोगी लोकांत किती आढळतो, हे सगळं बघावं लागतं. गावात एकानं "अमुक असं म्हणतोय" म्हणून आपण लगेच जमीन विकत नाही. उतारा बघतो, मोजणी करतो, शेजारच्या बांधाला विचारतो. मुलीच्या रिपोर्टाला त्याहून कमी काळजी का लावायची?

प्रथिनांच्या पलीकडे डीएनएची स्वतःची भाषा आहे. अक्षरं चारच, पण माणसाच्या डीएनएत प्रथिनांचा मजकूर फक्त एक ते दोन टक्के आहे. बाकीच्यात कुठलं जनुक केव्हा चालू, केव्हा बंद, अशा सूचना विखुरलेल्या आहेत, आणि सूचना एका पानावर तर तिचं जनुक शंभर पानं पुढे, असंही असतं. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्ह नाही. त्यामुळे हा वाचनाचा प्रकार फार कठीण. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या आर्क इन्स्टिट्यूटनं जाहीर केलेलं एव्हो-२ हे मॉडेल जिवाणूंपासून माणसापर्यंतच्या डीएनएची ९.३ लाख कोटी अक्षरं वाचून तयार झालं. ते एका वेळी दहा लाख अक्षरं नजरेत ठेवू शकतं. ते गाळलेल्या जागा भरत नाही, "पुढचं अक्षर कुठलं" हे ओळखतं. माणसांना आणि प्राण्यांना ग्रासणारे विषाणू त्यांनी शिक्षणातून मुद्दाम वगळले, दुरुपयोग होऊ नये म्हणून. मला ही खबरदारी योग्य वाटते. जे वाचता येतं ते लिहिताही येतं, आणि सगळंच लिहायला शिकवायचं नसतं.

तिसरा प्रकार पेशींचा. एकेका पेशीत त्या घडीला कुठली जनुकं जोरात चालू आहेत हे आता मोजता येतं. जीनफॉर्मर नावाच्या मॉडेलला २०२३ मध्ये सुमारे ३ कोटी पेशींची अशी मोजमापं दिली. प्रत्येक पेशीतली जनुकं जोरानुसार वरून खाली लावायची, ती यादी म्हणजे वाक्य, आणि पुन्हा तीच झाकाझाकी. कल्पना मोहक आहे: एखादं जनुक बंद केलं तर पेशीचं काय होईल हे प्रयोग न करता सांगता यावं. पण इथं मी सावध आहे. २०२५ मध्ये अशा मॉडेल्सची काटेकोर परीक्षा झाली. दोन जनुकं एकदम छेडली तर काय होईल, हा प्रश्न होता. दोन वेगवेगळे परिणाम सरळ बेरीज करून मांडणाऱ्या साध्या हिशोबाला मोठी मॉडेल्स मागे टाकू शकली नाहीत. प्रथिनांची वाक्यं निसर्गाच्या चाळणीतून आलेली असतात. पेशींच्या यादीला तशी चाळणी नाही, शिवाय मोजमापात गोंगाट फार. माझ्या मते यशातला फरक तिथून येतो. वर्तमानपत्रात "एआयनं पेशी ओळखली" असा मथळा आला की मी आधी शोधतो, साध्या हिशोबाशी तुलना केली आहे का.

आता माझ्या मनाला जे सर्वांत जास्त लागतं त्याकडे येतो. मॉडेलनं काय वाचलं नाही?

आमच्या सीमाभागातल्या मराठीचं उदाहरण घ्या. "काय करायलास?" हे पुण्यातल्या पुस्तकांवर शिकलेल्या यंत्राला चूक वाटेल. इथं ती चूक नाही, बोली आहे. जनुकांतही बोली असतात. एमवायबीपीसी३ नावाच्या, हृदयाच्या स्नायूशी संबंधित जनुकात २५ अक्षरं गळालेली, असा एक बदल आहे. २००९ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांच्या पुढाकारानं झालेल्या अभ्यासात दिसलं की भारतीय उपखंडातल्या साधारण ४ टक्के लोकांत तो असतो आणि उतारवयात हृदय कमजोर होण्याचा धोका वाढवतो. युरोपातल्या लोकांत तो जवळजवळ नाहीच. फक्त तिकडचीच माणसं तपासत राहिलो असतो, तर आपल्याकडच्या कोट्यवधी लोकांत असलेली ही गोष्ट दिसलीच नसती. उलटही घडतं. अल्फामिसेन्ससारखी मॉडेल्स "निरोगी लोकांत वारंवार दिसतो म्हणजे निरुपद्रवी" हा धागा वापरतात. तिकडे दुर्मिळ असलेला पण आपल्याकडे घराघरांत असलेला एखादा साधा बदल मग विनाकारण संशयात सापडू शकतो, आणि कुणाच्या तरी रिपोर्टात 'अनसर्टन' लिहून येतो. ईएसएमसारखी, नुसती वेगवेगळ्या प्रजातींची वाक्यं वाचणारी मॉडेल्स या दोषापासून बरीचशी दूर आहेत, पण रुग्णाचा निकाल शेवटी माणसांच्या नोंदींवरच पारखला जातो.

म्हणून 'जीनोम इंडिया' मला महत्त्वाचा वाटतो. २०२० मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात देशभरच्या वेगवेगळ्या समाजांतल्या १० हजार लोकांचा डीएनए वाचला गेला आणि जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांना खुली झाली. ती फरिदाबादच्या भारतीय जैविक डेटा केंद्रात ठेवली आहे. १४० कोटींच्या देशात १० हजार हा आकडा लहान आहे. पण ज्या वहीत आपलं पानच नव्हतं तिथं आता पान आहे.

पिकांचं पान तर त्याहून कोरं आहे. चिकोडी, अथणी, हुक्केरी, कुठंही जा, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस. शेतकऱ्याच्या तोंडी '८६०३२' असते. ही जात कोइंबतूरच्या ऊस पैदास संस्थेची. उसाचा डीएनए सुमारे १००० कोटी अक्षरांचा, माणसाच्या तिप्पट. दोन प्रजातींच्या संकरातून आलेला असल्यानं एकेका गुणसूत्राच्या दहा-बारा प्रती असतात, थोड्या थोड्या फरकाच्या. एकच पुस्तक दहा जणांनी हातानं उतरवून सगळी पानं एकत्र मिसळावीत, तसं. त्यामुळे 'आर५७०' या लागवडीच्या जातीचा नीट जुळवलेला डीएनए प्रसिद्ध व्हायला २०२४ साल उजाडलं. मॉडेलला वाचायला द्यायचा मजकूरच इतका उशिरा हाती आला. लाल कुज रोगाला कुठली जात टिकेल, कुठल्या जातीत साखर लवकर भरेल, हे रोपाच्या पानातल्या डीएनएवरून सांगता यायला हवं असेल, तर आमच्या शिवारातल्या मातीत, आमच्या पाण्यावर वाढलेल्या उसाची मोजमापं कुणीतरी वर्षानुवर्षं वहीत लिहून ठेवायला हवीत. ते काम यंत्र करत नाही.

वैनींना यातलं निम्मं मी त्या दिवशी सांगितलं, निम्मं चहाच्या वेळी पुढच्या आठवड्यात. त्यांनी शेवटी विचारलं, "मग आता करायचं काय ते सांगा की." मी सांगितलं, डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा. आई आणि वडील दोघांचं रक्त तपासायचं का? बदल दोघांपैकी एकात असेल आणि त्या माणसाला कधी फिट आली नसेल, तर संशय कमी होतो. दोघांतही नसून मुलीत नव्यानं आला असेल, तर वाढतो. आणि दुसरं, हा रिपोर्ट वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा तपासून देतात का? नव्या नोंदी येतात तशी 'अनसर्टन'ची पायरी बदलू शकते.

डॉक्टरांनी पहिल्या प्रश्नाला लगेच हो म्हटलं. भाऊ आणि भावजय दोघंही सकाळच्या गाडीनं बेळगावला जाऊन रक्त देऊन आले. रिपोर्ट यायचा आहे. लिफाफा वैनींनी माझ्याकडेच ठेवायला दिला आहे.